मानाच्या खोलीचा गालिचा

किलगेरा, रॉसकॉमन
१८ ऑगस्ट १९९७

ती. अट्रॅक्टाताईस,
डिम्फ्नाचा सा. न. वि. वि.

नमस्कार शिस्तीत केला आहे, कारण पुढचं पत्र शिस्तीत राहील याची खात्री नाही. आमच्या सूनबाईंनी, फिन्नूलानं, डब्लिनहून मला एक माहितीपत्रक पाठवलं आहे. त्यात असं म्हटलं आहे की माझ्या घरात किडे आहेत. अंथरुणात, उशीत, पडद्यात, गालिच्यात. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हणे. मग यांना ते दिसले कसे, हे पत्रकात दिलेलं नाही.

तुला जुलैतलं थोडंफार कळलंच असेल. नेसा आठवडाभर राहायला आली होती. नऊ वर्षांची पोर, पहिल्यांदा आईबापांशिवाय. मी तिला मानाच्या खोलीत झोपवलं, आईच्या पिसांच्या गादीवर. ती गादी मी नणंदेला, टॉमच्या बहिणीलासुद्धा दिली नव्हती, आणि ती बाई अमेरिकेहून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जाते तर नेसा पलंगाच्या कडेला बसलेली, खांदे कानापर्यंत वर चढलेले, आणि श्वास आत जाईना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही, कारण बोलायला हवाच नव्हती. डॉक्टरांनी वाफ दिली, दमा म्हणाले. संध्याकाळी तिचा बाप, डेक्लन, येऊन तिला घेऊन गेला. ती गाडीच्या काचेतून हात हलवत होती, आणि तुझी ही बहीण, जिनं एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून कुणालाही दाद दिली नाही, ती दाराआड जाऊन उभी राहिली.

आता फिन्नूलाचं म्हणणं असं की घर 'योग्य' होईपर्यंत नेसा किलगेऱ्यात रात्री राहणार नाही. दिवसा भेटायला जरूर आणू. म्हणजे दोन तास गाडी हाकत यायचं, चहा घ्यायचा, घड्याळ बघायचं आणि दोन तास परत. ती नात झाली की विम्याचा एजंट?

पत्रकात काय काय लिहिलंय म्हणून सांगू. गालिचे काढा. जाड पडदे काढा. पिसांचं सगळं काढा. मऊ खेळणी अधूनमधून फ्रीजरमध्ये ठेवा. नेसाचं कापडी कोकरू मी कोकराच्या मटणाशेजारी ठेवायचं आणि मग पोरीला शांत झोप लागावी अशी अपेक्षा करायची. आपण कॉन्व्हेंटात शिकलो ताई. सिस्टर बेनिग्नस पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून पलंगाखाली फिरवायच्या आणि तो पांढराच बाहेर यायचा. माझ्या जमिनीवर आजही ऑपरेशन करता येईल. आणि मला किडे!

त्यात वेळ बघ. वाडीतला ऑक्टोबरचा घरमिस्सा यंदा माझ्याकडे आहे. टॉम गेल्यानंतर पहिल्यांदाच पाळी आली. ज्याच्या घरी फादर येऊन सगळ्या वाडीसाठी मिस्साची प्रार्थना करणार, त्यानं घर नवं करायचं, हे तुला मी सांगायला नको. डेलिया मुलरेननकडे होता तेव्हा तिनं नवं न्हाणीघर बांधलं, जणू फादर कॉनबॉय येऊन आंघोळच करणार होते. मी मानाच्या खोलीसाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत नवा गालिचा सांगून ठेवलाय, दाट, गर्द लाल. तो घातला तर नात गेली. नाही घातला तर सगळी वाडी माझ्या उघड्या फळ्यांवर गुडघे टेकून माझ्यासाठीच प्रार्थना करणार.

तू छातीच्या वॉर्डात जन्म काढलास. तूच सांग हे किडे खरे की डब्लिनचे.

माझ्यावर लोभ आहे तो असू दे; त्याच भरवशावर एवढी बडबड केली.

तुझी,
डिम्फ्ना


लीड्स
२७ ऑगस्ट १९९७

चि. डिम्फ्नास,
अ. उ. आ.

किडे खरे आहेत. आधी बस, मग पुढचं वाच.

ते प्रत्येक घरात असतात. माझ्या घरात आहेत, फिन्नूलाच्या आहेत, राजवाड्यातल्या गाद्यांमध्येही असतील. आपल्या अंगावरची जी कातडी झडते ती खातात, आणि त्यांना ऊब आणि ओल आवडते. यात घाणीचा संबंध नाही. तुझी जमीन किती चकाकते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. पॉलिश ते खात नाहीत. त्यांची घाण श्वासात गेली की काही पोरांची छाती आवळते. तेव्हा सिस्टर बेनिग्नसचा रुमाल खाली ठेव.

आता मला सांग, मानाच्या खोलीची खिडकी शेवटची कधी उघडली? मला आठवतं तसं आपल्या बाबांनी ती एका घरमिस्स्याच्या वेळी रंगवली आणि रंगानंच चिकटून बसली. त्या खोलीत आपण फक्त पाद्री आणि प्रेतं बसवत आलो. दोघांनाही हवेची तक्रार करता येत नाही. मागच्या भिंतीला ओल आहेच. आणि ती गादी! आईच्या लग्नात आली होती ती. तिच्यात आईबाबा झडले, दोन्ही आज्या झडल्या, गोवर आला तेव्हा तू आणि मी झडलो. नेसा तिथं एकटी झोपली नव्हती डिम्फ, अख्खं घराणं तिच्या छातीवर बसलं होतं.

तू पोरीला घरातली सगळ्यात मोठ्या मानाची जागा दिलीस. हेतू सोन्यासारखा होता आणि जागा सगळ्यात वाईट होती. याचा दोष कुणाला देत बसू नकोस, स्वतःला तर नाहीच.

करायचं ते थोडंच आहे. नेसाला स्वयंपाकघरावरच्या लहान खोलीत झोपव, ती कोरडी आहे. नवी गादी, तिला चेनचा बंद अभ्रा. चादरी कढत पाण्यात धुवायच्या. धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, झटकायची नाही. रोज खिडकी उघडायची. त्या खोलीत गालिचा नको, आणि ओल आलेल्या मानाच्या खोलीतही नवा घालू नकोस. किड्यांना वतन दिल्यासारखं होईल. बाकी घर पाडायची गरज नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मी तुला ओळखते.

आणि डेलियाला खरं कारण सांगून टाक. नाहीतर किलगेरा आपलं कारण शोधेल.

तुझ्यावर राग नाही, लोभच आहे. उलट टपालानं तसाच पाठव.

तुझी ताई,
अट्रॅक्टा


किलगेरा
१६ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला हट्टी समजतेस. मी हट्टी नाही, मी काम पुरं करते.

गालिच्याची ऑर्डर रद्द केली. जुना उपटला. पडदे उतरवले, जिन्यावरची पट्टी काढली, टॉमची खुर्ची काढली, गुबगुबीत सोफा काढला. आईची गादी मी आणि शेजारच्या किलक्लाइननं मिळून मागच्या कोठारात नेली; वाटेत ती एका कोपऱ्यात उसवली आणि अंगणभर अशी पिसं उडाली की कोंबड्या घाबरून बसल्या. मानाच्या खोलीची खिडकी पहारीनं उघडली. उघडल्यावर आतून जो वास बाहेर आला त्याबद्दल तुला काही लिहिणार नाही. तू खूश होशील. भिंतीला ओलीवरचा रंग दिला. घरात आता लाकडाच्या फळ्या आणि लाकडाच्या खुर्च्या. बोललं की आवाज परत येतो. काल मी स्वतःशीच पुटपुटले आणि भिंतीनं मला उत्तर दिलं.

डेलिया आली होती. दारातच थांबली, सगळीकडे नजर फिरवली आणि काहीच बोलली नाही. डेलिया मुलरेनन गप्प! तिच्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळीसुद्धा ती फादरांना सूचना देत होती. माझा हात हातात घेतला, दाबला आणि गेली. दुसऱ्या दिवशी दारात बटाट्यांचं पोतं. मग अंडी. मग कुणीतरी सोडाब्रेड. रविवारी फादर कॉनबॉयनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं की डेक्लन माझ्याशी नीट वागतो ना, आणि वृद्धाश्रमात जायचा विचार असेल तर त्यांच्या ओळखीच्या नन्स आहेत. कसाईसुद्धा माझं मांस जरा जास्तच तोलतो आणि माझ्या डोळ्यांत बघत नाही.

गावाला वाटतंय की मी घर विकतेय, किंवा पोरानं सामान विकायला लावलंय, किंवा मी मरतेय. तीन पक्ष आहेत आणि तिन्ही मला वाढून देतात.

तू म्हणशील, सांगून टाक. नाही सांगणार. मला गरीब म्हणोत, वेडी म्हणोत, मरायला टेकली म्हणोत. पण 'डिम्फ्ना हॅनलीच्या अंथरुणात किडे' हे वाक्य मी जिवंत असेपर्यंत या वाडीत कुणी उच्चारणार नाही. तूच लिहितेस की त्यात घाणीचा संबंध नाही. हे लीड्समध्ये कळतं. इथं किडे म्हणजे किडे.

लोभाची परतफेड केली आहे, मोजून घे.

तुझी,
डिम्फ्ना


डब्लिन
२ ऑक्टोबर १९९७

ती. आईंस,
फिन्नूलाचा सा. न. वि. वि.

डेक्लननं फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही एवढं कराल असं मला वाटलं नव्हतं. खरं लिहायचं तर, पत्रकाचे तुकडे माझ्याकडे परत येतील असं वाटलं होतं. मनापासून आभार.

शुक्रवारी १७ तारखेला संध्याकाळी आम्ही तिघं येतो, शनिवारी सकाळच्या मिस्स्याला थांबतो. नेसाच्या डॉक्टरांनी दोन रात्रींची परवानगी दिली आहे. तिच्याकडे फुंकर मारून आकडा बघायची एक नळी आहे. ती सकाळ-संध्याकाळ बघायची. आकडा फार खाली आला तर आम्ही लगेच परत निघू, आणि मग ती मोठी होईपर्यंत पुन्हा हा प्रयोग करायची माझी हिंमत होणार नाही. तुम्हाला हे कठोर वाटेल. जुलैतली ती संध्याकाळ, डेक्लन तिला घेऊन घरी पोचला तेव्हाची, मी विसरू शकत नाही एवढंच.

घरात ताजा रंग, सुगंधी मेणबत्त्या, वाळलेली फुलं आणि शेकोटीतल्या पीटच्या ढेकळांचा धूर नसेल तर बरं. फादरांना धूप जाळू नका असं सांगता आलं तर पाहावं.

आपला लोभ आमच्यावर असावा. तो कमी नव्हता हे आता कळलं.

आपली,
फिन्नूला

आजी, मी आहे नेसा. मला तुझ्याकडेच झोपायचंय. आईला सांगू नकोस की मी कोकरू बॅगेत घातलंय. ते फ्रीजरमध्ये राहून आलंय.


लीड्स
८ ऑक्टोबर १९९७

चि. डिम्फ्नास,
अ. उ. आ.

दोनच ओळी, कारण गुडघा दुखतोय आणि मला यायला जमणार नाही. कसाई जास्त मांस तोलू लागला की गाव काहीतरी करायच्या बेतात असतं. डेलियाला सांग. आजच सांग. हे हात जोडून लिहिलंय, आणि थोरल्या बहिणीनं हात जोडायची वेळ रोज येत नाही.

लोभ पुढच्या पत्रात सविस्तर.

अट्रॅक्टा


किलगेरा
२० ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं बरोबर होतं. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

शुक्रवारी सकाळी मी हॅम आणायला रॉसकॉमनला गेले. परत येते तर दारात किलक्लाइनचा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली. दार उघडं. आत पाय टाकला आणि पाय बुडाला. गालिच्यात! मानाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. तो डेलियाचा होता ताई. तिनं स्वतःच्या मानाच्या खोलीतला उपटून माझ्या मापानं कापून आणला होता. खिडक्यांना मखमलीचे पडदे. एक सोफा, दोन गुबगुबीत खुर्च्या, शेकोटीपुढे मेंढीचं कातडं, कोपऱ्यात वाळलेल्या फुलांचं एवढं मोठं झुडूप. शेकोटीत पीट धडधडून पेटवलेलं, खिडक्या गच्च बंद. वर लहान खोलीत नेसाच्या पलंगावर नवीकोरी दुलई, वाडीतल्या बायकांनी तीन आठवडे लपूनछपून शिवलेली, टाय म्हातारीच्या हंसांच्या पिसांनी भरलेली. त्या म्हातारीची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, तुला माहीत आहे.

आणि सगळ्याजणी स्वयंपाकघरात ओळीनं उभ्या. हातात कप. चेहरे असे की जणू त्यांच्याच घरी बाळ जन्मलंय. डेलिया म्हणाली की किलगेऱ्यात कुणीही उघड्या फळ्यांवर मिस्सा करणार नाही, आणि मी आभार मानायचे नाहीत.

मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. चार तासांत गाडी येणार होती. आभार मानून गप्प बसले असते तर गाव माझं आणि नेसा गेली. मी एका खुर्चीवर बसले, ती मऊ होती म्हणून उठले, आणि म्हणाले, "डेलिया, माझ्या गादीत किडे होते. त्यांच्यामुळे नेसाचा श्वास अडकला. हे सगळं इथं राहिलं तर आज रात्री तिला परत न्यावं लागेल, आणि मग ती येणार नाही."

टाय म्हातारीनं कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांचा रुमाल एका वाक्यात काळा झाला.

मग डेलिया बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या उनाचा दम्याचा पंप मी ब्रेडच्या डब्यात लपवते. कुणी आलं की तिला सांगते, वर जाऊन खोक."

त्यानंतर बांध फुटला. किलक्लाइनच्या बायकोनं सांगितलं की तिचा धाकटा अंथरुणात शिंकून शिंकून रडतो आणि ती सगळ्यांना सांगते की त्याला शहराची हवा बाधली; पोरगं आजवर शहरात गेलेलं नाही. एकीची सून वर्षभर राहायला आलेली नाही, ती का ते आता तिला कळलं. प्रत्येकीला वाटत होतं की किडे फक्त आपल्याच घरात आहेत आणि शेजारणीच्या घरी सिस्टर बेनिग्नसचा रुमाल फिरलाय. अख्खी वाडी झाकून खोकत होती. पाच मिनिटांत किडे लाजेचे राहिले नाहीत, मानाचे झाले. कुणाची गादी जास्त जुनी यावर दोघींत शब्दाला शब्द लागला. डेलिया म्हणाली की तिच्या आजेसासूची गादी तर दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाच्याही आधीची आहे, आमच्या आईची काल-परवाची.

मग सगळं बाहेर काढलं. ट्रॉलीच्या तीन खेपा झाल्या. शेकोटी विझवली, खिडक्या उघडल्या, ओल्या फडक्यांनी इंच न् इंच पुसला. डेलियाचा कापलेला गालिचा आता तिच्याही खोलीत बसणार नव्हता. मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली की गप्प बस, आता गोठ्यात घालते, वासरांना दमा नसतो. टाय म्हातारी दुलईची घडी घालत होती, वाकड्या बोटांनी, फार हळू. ते मला बघवेना. मी ती तिच्या हातातून घेतली आणि म्हटलं की माझी छाती घोड्याची आहे, दुलई माझ्या पलंगावर येणार आणि माझ्या खोलीचं दार बंद राहणार. फिन्नूलाला मी नंतर स्वतःच सांगितलं. तिनं जरा विचार केला आणि चालेल म्हणाली.

शनिवारी मिस्सा उघड्या फळ्यांवर झाला. किलगेऱ्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखर गुडघे टेकले. फादर कॉनबॉयचं प्रवचन नेहमीच्या निम्म्यात आटोपलं, आणि त्याचं श्रेय सगळ्यांनी किड्यांना दिलं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. शनिवारी सकाळी नेसा नाक लाल करून खाली आली, घर बर्फासारखं गार आहे म्हणाली आणि तिसरं सॉसेज मागितलं. फिन्नूलानं ती नळी पुढे केली. मी किटलीकडे तोंड केलं. पोरीनं फुंकर मारली. मग फिन्नूला म्हणाली की आकडा घरच्याएवढाच आहे. रविवारी निघताना तिनं विचारलं की महिनाअखेरीच्या सुट्टीत नेसाला आठवडाभर एकटीला ठेवलं तर मला जड तर जाणार नाही ना. मी म्हटलं, कॅलेंडर बघून सांगते. कॅलेंडर माझ्या समोरच होतं, ताई, आणि कोरं होतं.

गुडघ्याला शेक दे. तुझा लोभ बरोबर असण्याच्या सवयीसकट पत्करला आहे.

तुझी,
डिम्फ्ना


किलगेरा
२९ ऑक्टोबर १९९७

ती. अट्रॅक्टा आजीस,
नेसाचा सा. न. (वि. वि. म्हणजे काय ते आजीनं सांगितलं पण मी विसरले.)

आजीनं मला पत्र लिहायला बसवलंय. ती म्हणते ज्यांना पत्र लिहिता येत नाही त्यांना बिस्किट नाही. मी सोमवारपासून इथं आहे, एकटी.

आजी आता लोकांच्या घरी जाऊन खिडक्या उघडते. लोकांना ते फार आवडत नाही. मुलरेनन आजी तिला लांबून बघितलं की आपणच उघडतात. आजीनं फादरांना सांगितलं की चर्चमधल्या पापं सांगायच्या खोपटाचा मखमली पडदा धुळीनं भरलाय. त्यांनी तो काढला. आता बाहेर बसलेल्यांना सगळं ऐकू येतं, म्हणून लोक कमी पापं करतात असं आजी म्हणते. मला वाटतं ते कमी सांगतात.

काल मी आणि मुलरेनन आजींची उना गवताच्या कोठीत खेळलो. चहाच्या वेळी मला घरघर व्हायला लागली. जुलैइतकी नाही. मी पंप घेतला. आजी माझ्याजवळ बसली आणि माझ्याबरोबर हळूहळू श्वास घेत राहिली. मग बरं वाटलं. मी म्हटलं, आईला नको सांगूया, ती मला नेईल. आजी म्हणाली, सांगायचं, लपवायचं नाही. आणि तिनंच फोन लावून माझ्या हातात दिला.

आईनं सगळं विचारलं. आकडा विचारला, मी खरा सांगितला. मग तिनं विचारलं, आत्ता न्यायला येऊ का? आजी तेव्हा भांडी घासत होती. एकच बशी घासत होती, खूप वेळ. मी आईला म्हटलं, रविवारी ये, ठरलंय तेव्हा. आई म्हणाली बरं. मग आजीनं दुसरी बशी घेतली.

तुझा माझ्यावर लोभ आहे असं शेवटी लिही म्हणून आजीनं सांगितलंय. आहे ना?

तुझी,
नेसा